कोपऱ्यातलं घर कुणाचं?

शनिवार, रात्री उशिरा

एका खेळाच्या काल्पनिक जगाचा जुना नकाशा बारीक तपशिलात काढायला घेतलाय, आणि आज मी त्यातल्या आद्री वर्मा पठारावरच अडकून पडले. ग्लांत्री या देशाच्या पश्चिमेला पसरलेलं हे पठार, गॅझेटिअर मालिकेत, म्हणजे या जगातल्या एकेका देशावरच्या पुस्तकांत, त्याला स्वतःचं पुस्तक नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन खेळायच्या खेळाच्या १९८१ च्या एक्स्पर्ट संचात या जगाचा, म्हणजे पुढच्या मिस्टाराचा, नकाशा आला तेव्हा एक हेक्स, म्हणजे नकाशाचं एक षटकोनी घर, २४ मैलांचा होता. १९८७ पासून गॅझेटिअर येऊ लागली आणि एकेक देश ८ मैलांच्या हेक्सवर तपशिलात दिसू लागला. ज्यांची पाळी आली नाही, ते प्रदेश आम्हा हौशी नकाशेवाल्यांच्या वाट्याला आले.

माझं काम म्हणजे २४ मैलांचं प्रत्येक मोठं घर ८ मैलांच्या छोट्या घरांत फोडायचं. २४ भागिले ८ म्हणजे ३, आणि तीन त्रिक नऊ, तेव्हा एका मोठ्या घरात नऊ छोटी घरं. हिशेब बरोबर आहे, पण नऊच्या नऊ अख्खी बसत नाहीत. मधलं एक आणि त्याभोवतीची सहा, एवढी सातच पूर्ण आत येतात. उरलेल्या दोन घरांचं क्षेत्र सहा कोपऱ्यांत विखुरतं. मोठ्या हेक्सच्या प्रत्येक कोपऱ्यावर एका छोट्या हेक्सचा मध्य येतो आणि ते तीन मोठ्या घरांत सारखं वाटलं जातं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला वाळवंट, तिसरीकडे गवताळ माळ असेल, तर त्या कोपऱ्यात काय काढायचं? जुना नकाशा यावर गप्प आहे. माझी संध्याकाळ असल्याच कोपऱ्यांत गेली.

कुणी म्हणेल, एका चिन्हानं काय बिघडतं? जुन्या एक्स्पर्ट नियमांप्रमाणे ओझं नसलेला माणूस मोकळ्या मैदानात दिवसाला २४ मैल चालतो, म्हणजे बरोबर एक मोठा हेक्स. टेकड्या, जंगल, वाळवंट आलं की वेग दोन तृतीयांश, पर्वत किंवा दलदल आली की निम्मा. तेव्हा तोच हेक्स टेकड्यांचा असेल तर दीड दिवस लागतो, पर्वताचा असेल तर दोन. तेवढ्यात शिधा संपतो, आणखी एक रात्र उघड्यावर काढावी लागते, भटके राक्षस भेटतात का, याचे फासे पुन्हा पडतात. मी सहज म्हणून रंगवलेल्या डोंगरात कुणाच्या तरी मोहिमेतला एखादा गडी मरू शकतो. (मरावा की नाही, हे त्याच्या डंजन मास्टरनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, बघावं.)

म्हणून सगळी घरं यदृच्छेनं भरून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा मला राग येतो. नकाशा झटपट होतो आणि दिसतोही छान. पण मूळ नकाशात काय छापलेलं होतं आणि यंत्रानं काय घुसडलं, हे नंतर कळायला मार्ग राहत नाही. पुढे कुणी तोच नकाशा आधार म्हणून घेतो आणि घुसडलेली टेकडी कायमची होऊन बसते. छापील नकाशे तरी कुठे एकमेकांशी जुळतात? गॅझेटिअरमधला किनारा आणि जुन्या नकाशातला किनारा काही ठिकाणी सरळ भांडतात. त्या भांडणात मी शक्यतो नंतरच्या तपशिलाची बाजू घेते आणि जुनी रेष वेगळ्या थरात जपून ठेवते.

त्यात भर म्हणजे हे जग गोल आहे. नुसत्या षटकोनांनी गोल झाकता येत नाही, निदान बारा पंचकोन मधे घालावेच लागतात. शिवाय १९९० च्या होलो वर्ल्ड संचानुसार हा गोल आतून पोकळ, ध्रुवांशी भोकं असलेला! उत्तरेकडचे हेक्स किती ताणायचे, हा वाद मी सध्या बाजूला ठेवलाय. पठार तेवढं उत्तरेला नाही.

शेवटी नियम ठरवला. तीनपैकी दोन मोठी घरं एकाच जातीची असतील तर कोपरा त्यांचा. तिघंही वेगळी असतील तर ज्या बाजूनं नदी येते तिचा. नदीच नसेल तर घर पांढरं ठेवायचं आणि वर एक ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे इथे मी काही ठरवलेलं नाही. पठाराच्या दक्षिणेकडच्या कडेवर असे बरेच ठिपके पडलेत. नकाशा थोडा देवी आल्यासारखा दिसतोय, पण ते एकही बुजवणार नाही. उद्या पूर्वेच्या बाजूला, ग्लांत्रीच्या सीमेपासून सुरुवात; तिथे निदान एका कडेला छापील घरं आहेत.