मामांच्या दोन लेन्स आणि पाव मिलिमीटर

चिपळूणच्या बाजारपेठेत माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ होता. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं आणि खालच्या ड्रॉवरमधला त्यांचा निकॉन एफएम२ कॅमेरा चिखलात गेला. दोन लेन्स तेवढ्या वाचल्या, कारण त्या पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवलेल्या होत्या. एक ५० मिमी एफ १.८, दुसरी १३५ मिमी एफ २.८. मामांनी स्टुडिओ परत उघडला नाही. डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुला काही करता आलं तर कर. मला आता त्यांच्याकडे बघवत नाही."

मी भोसरीत एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. फोटोची आवड मामांकडूनच आली, पण या लेन्स वापरायच्या तर त्यांना कॅमेरा नव्हता. चौकशी करताना कळलं, की आताच्या मिररलेस कॅमेऱ्यावर त्या अडॅप्टर लावून चालतात. त्यामागचं गणित मला फार आवडलं. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यात लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत ४६.५ मिमी अंतर असतं, कारण मध्ये आरसा हलायला जागा लागते. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे सोनीच्या ई माउंटमध्ये हे अंतर फक्त १८ मिमी. उरलेले २८.५ मिमी भरून काढायचे. बस, अडॅप्टर म्हणजे तेवढ्या लांबीची पोकळ नळी. आत काच नाही, वायर नाही, काही नाही.

सेकंडहँड सोनी ए७ मार्क २ घेतला आणि नऊशे रुपयांचा अडॅप्टर ऑनलाइन मागवला. त्याआधी लेन्स तपासल्या. मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून आत बघायचं, एवढीच तपासणी. ५० स्वच्छ होती. १३५ च्या मागच्या काचेवर मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. पूर ओसरला तरी कोकणातली दमट हवा कुठे जाणार? मुंबईला फोर्टमध्ये बोरा बाजारातल्या एका कारागिराकडे लेन्स दिली. त्याने ती खोलून साफ केली, पण स्पष्ट सांगितलं, की बुरशीने कोटिंग खाल्लंय, तो डाग जाणार नाही. फोटोत तो डाग कधी दिसत नाही. समोरून ऊन आलं की चित्र जरा पांढुरकं होतं, इतकंच. आता दोन्ही लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत असतात. आत छोटा आर्द्रतामापक आहे, तो ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये असला की मी निर्धास्त.

लेन्स बसवली, बटण दाबलं, कॅमेरा गप्प. लेन्सशी विजेचा संबंधच नसल्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं, पुढे लेन्स लावलेलीच नाही. मेनूत 'रिलीज विदाउट लेन्स' सुरू केलं आणि शटर पडलं. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र (आकडा लहान तितकं ते मोठं), लेन्सच्या रिंगवर फिरवायचं, फोकस हाताने, आणि उजेड कॅमेरा थेट सेन्सरवरूनच मोजतो. त्यामुळे ॲपर्चर प्रायॉरिटीवर, म्हणजे ॲपर्चर आपण आणि शटरचा वेग कॅमेऱ्याने ठरवायचा, असं काम सुरळीत चालतं.

खरा घोळ शिमग्यात झाला. आमच्याकडे पालखी सहाणेवरून, म्हणजे ती ठेवायच्या जागेवरून, निघाली की ढोल-ताशांवर खांद्यावरच नाचवतात. तिथे फोकस करत बसायला सवड नसते. मामांची रीत साधी होती. फोकसच्या रिंगवरचा आकडा ३ मीटरवर लावायचा, तेवढ्या अंतरावर उभं राहायचं आणि पालखी समोर आली की फोटो काढायचा. ५० लावून मी तेच केलं. संध्याकाळचा उजेड, म्हणून ॲपर्चर २.८. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितलं तर पालखी एकाही फोटोत धड नव्हती. मागच्या ओळीतल्या लोकांचे चेहरे मात्र स्वच्छ. मामा बराच वेळ बघत राहिले. "हात हलला असता तर सगळंच हललं असतं. हे अंतर चुकलंय," म्हणाले.

त्या वाक्यावरून मी विचार करायला लागले. पुण्याला परतल्यावर गच्चीवर जाऊन लांबच्या टेकडीवरच्या टॉवरवर फोकस केला. अनंताच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या, खुणेवर रिंग टेकवली तर टॉवर पुसट. रिंग मागे आणत गेले, तर टॉवर नेमका दिसला तेव्हा खूण १० मीटरवर होती. मामांच्या लेन्समध्ये अशी चूक निघेल हे मला पटेना. दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारून अडॅप्टर सरफेस प्लेटवर, म्हणजे मापाच्या सपाट पाटावर, ठेवला आणि हाइट गेजने त्याची उंची चार ठिकाणी मोजली. चारही ठिकाणी २८.२५ च्या आसपास. म्हणजे नळी पाव मिलिमीटरने बुटकी.

पाव मिलिमीटर म्हणजे किती, हे लेन्सलाच विचारावं. ५० मिमीची लेन्स अनंतावरून १० मीटरवर आणताना काच पुढे सरकते ती साधारण पाव मिलिमीटरच. रिंगवर ३ मीटर लावले की प्रत्यक्षात फोकस सव्वाचार मीटरच्या आसपास जातो, आणि तिथे मागची माणसं उभी होती! पुढे वाचून कळलं, की स्वस्त अडॅप्टर बरेचदा मुद्दामच थोडे बुटके करतात. नळी लांब झाली तर अनंत गाठताच येत नाही आणि गिऱ्हाईक माल परत करतं. बुटकी असली तर फोटो येतात, खोट्या पडतात त्या फक्त रिंगवरच्या खुणा. बहुतेकांना ते कळतही नाही. मला मात्र त्या खुणाच हव्या होत्या.

अडॅप्टरची कॅमेऱ्याकडची चकती चार बारीक स्क्रूंनी बसवलेली होती. ती काढून तिच्याखाली ०.२५ मिमीच्या पितळी शिमची (पातळ पत्र्याची) कडी कापून घातली. कापताना कडेला बर, म्हणजे धातूची बारीक कोर, राहिली, त्यामुळे पहिल्यांदा मोजलं तेव्हा एक बाजू ०.०४ ने वर. बर ऑइलस्टोनवर घासली आणि पुन्हा बसवली. या वेळी चारही ठिकाणी २८.५०, फरक शतांशाचा. हातासरशी नळीच्या आत काळी मखमल चिकटवली, कारण आतला चकचकीत ॲल्युमिनियम उजेड परतवत होता. मखमलीने काळे रंग खरंच काळे दिसायला लागले. हे काम प्रत्येकाने करावं. खर्च जवळजवळ शून्य आणि फरक पहिल्याच फोटोत दिसतो.

एक गोष्ट मला नुकसान सोसून कळली. या कॅमेऱ्यात सेन्सर हलवून हाताची थरथर सावरण्याची सोय आहे, पण लेन्स किती मिमीची आहे ते आपण सांगावं लागतं. १३५ काढून ५० लावली आणि मेनूत १३५ च राहिलं. मावसबहिणीच्या डोहाळजेवणाचे पहिले वीस-बावीस फोटो दुहेरी कडांचे आले. कॅमेरा गरजेपेक्षा जास्त सावरत होता. तेव्हापासून लेन्स बदलली की आधी मेनू, मग डोळा.

फोकसला सगळेजण पीकिंग सांगतात. फोकसमध्ये असलेल्या कडांवर लाल रेघा उमटतात त्या. १.८ वर मला त्यांचा भरवसा वाटत नाही, पापण्याही लाल आणि नाकही लाल. चित्र मोठं करून बघणं हाच खात्रीचा उपाय. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोकस करायचा, मग रिंग फिरवून ते बारीक करायचं. ५० वर एकेका स्टॉपला, म्हणजे उजेड साधारण निम्मा करणाऱ्या टप्प्याला, एक क्लिक आहे. १.८ वरून तीन क्लिक म्हणजे ५.६. डोळा व्ह्यूफाइंडरला लावून बोटांनी मोजता येतं. मामा हेच अंधाऱ्या मांडवात करायचे.

यंदाच्या शिमग्यात मामा माझ्याबरोबर आले. पालखी सहाणेवरून उतरायच्या आधी त्यांनी कॅमेरा हातात घेतला, रिंगवर अंगठा फिरवला आणि न बघताच ३ वर आणून थांबवला. मग मला परत दिला. "आता तू."

फोटो तिथेच उघडून दाखवला. पालखीच्या गोंड्याचा एकेक धागा सुटा दिसत होता. मामांनी चष्मा वर करून स्क्रीन डोळ्यांजवळ नेली.

"ॲपर्चर किती होतं?"

कॅमेऱ्यात या लेन्सची काहीच नोंद होत नाही, म्हणून त्यांच्यासारखीच मीही खिशात वही ठेवते. ती काढून वाचून दाखवलं: ५० मिमी, २.८, तीन मीटर.