इंदूरमध्ये पोह्यांच्या बशीतच जिलेबी हवी

मांडू झालं, महेश्वरचा घाट झाला, ओंकारेश्वरला दर्शनही नीट मिळालं. त्या सगळ्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते इंदूरच्या सकाळच्या नाश्त्याबद्दल, आणि जरा रागानेच.

राग आमच्या हॉटेलवरचा. हॉटेल स्वच्छ, माणसं अगत्याची, नाश्ता भाड्यातच धरलेला. पण पोहे एका टोकाला झाकणाखाली गिचगोळा होऊन बसलेले, आणि जिलेबी पार दुसऱ्या टोकाला, 'मिष्टान्न' अशा पाटीमागे गार पडलेली. शेजारच्या टेबलावरच्या मराठी कुटुंबाने पोहे खाल्ले, चहा घेतला आणि "आपलेच कांदेपोहे बरे" म्हणत ते उठले. ज्या शहरात ही जोडी जन्मभर खाल्ली जाते, तिथेच पाहुण्यांना ती अशी तोडून वाढावी, हे मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मामीकडे गेलो. तिच्या घरचे होळकरांच्या काळापासून इंदूरकर. तिने घरात चहासुद्धा ठेवला नाही, थेट राजवाड्याजवळच्या गल्लीतल्या एका गाडीवर नेलं. तिथे पोह्यांचं पातेलं उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेलं होतं, त्यामुळे पोहे वाफेवर गरम राहतात आणि कोरडे पडत नाहीत. आपल्यासारखे कढईत परतलेले नाहीत ते. फोडणीत बडीशेप, वरून शेव, कच्चा कांदा, लिंबू आणि जिरावण, म्हणजे काळं मीठ, आमचूर वगैरे घातलेला तिथला चटपटीत मसाला. शेजारच्या कढईतली जिलेबी पाकातून निघाली ती थेट माझ्या बशीच्या कडेला येऊन पडली.

"शेवटी गोड म्हणून ठेवू नकोस हं," मामी म्हणाली. "जिलेबीचा एक तुकडा, मग दोन घास पोहे. असंच चालू दे."

जिलेबीचा वेढा मोडला की पाकाचा एखादा थेंब पोह्यांवर पडतो. तिथली शेव चिकट होते, जिरावण त्या पाकाला धरून बसतं. तो घास सगळ्यात चांगला. त्यात गोड आहे, काळं मीठ आहे, आमचूर आहे, कांद्याचा करकरीतपणा आहे, आणि मागून बडीशेप येते. मला वाटतं, ती बडीशेपच दोघांना जोडते, कारण ती तिखटातही चालते आणि गोडातही. शिवाय चांगली जिलेबी नुसती गोड नसतेच. तिचं पीठ आंबवलेलं असतं, त्या आंबटपणाचं लिंबाशी जमतं. मीठ कडवटपणा दाबतं, म्हणून पोह्यांनंतरची जिलेबी जास्त खुलून लागते. आणि जिलेबीने तोंड गोडमिट्ट होतंय असं वाटेपर्यंत लिंबू येऊन ते धुऊन टाकतं. अट एकच, दोन्ही गरम हवेत. गार जिलेबीने हा खेळ होत नाही.

"और जलेबी दूं, भिया?" असं गाडीवाल्याने विचारलं, आणि नाही म्हणायच्या आत दिलीसुद्धा!

रात्री सराफ्यात गेलो. दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्यासमोर खाण्याचा बाजार भरतो, ही कल्पना मला अजूनही विलक्षण वाटते. पण गर्दीत बशी छातीशी धरून खावं लागतं आणि चव कळायच्या आत मागचा माणूस पुढे ढकलतो. खोपरा पॅटीस तेवढं लक्षात राहिलं: बाहेर बटाटा, आत खोबऱ्याचं किंचित गोडसर सारण. आणि गराडू, म्हणजे तिकडचा एक कंद, तळून त्यावर लिंबू आणि तेच जिरावण.

निघताना मामीने जिरावणाची पुडी दिली आणि सांगितलं, "पपईवर टाक, वर लिंबू पीळ." आमच्या घरी पपई म्हटलं की मुलं उठून जातात. त्या दिवशी दोघांनी मिळून अख्खी संपवली, आणि आता बाजारातून पपई आणायची आठवण तीच करून देतात.