चिल्लरीच्या ढिगातला बंदा रुपया कसा ओळखायचा

जुन्या नाण्यांचा मिसळलेला ढीग हाती आला की पहिलं नुकसान बहुधा पहिल्या तासाभरातच होतं. कुणीतरी लिंबू, टूथपेस्ट नाहीतर भांडी घासायची पावडर काढतं आणि नाणी लख्ख करून ठेवतं. संग्राहकाला नेमका तोच काळपट थर हवा असतो. घासलेलं नाणं दिव्याखाली तिरकं धरलं की एकाच दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे दिसतात, आणि तिथेच त्याची किंमत पडते. माती फार असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवा आणि टिपून घ्या. पुसू नका.

काढायलाच हवा असा एक थर आहे. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतून नाण्यावर हिरवट चिकट लेप बसतो आणि तो हळूहळू धातू खातो. काचेच्या भांड्यात शुद्ध अ‍ॅसिटोन घ्या आणि नाणं त्यात बुडवून ठेवा; खिडकी उघडी हवी, जवळपास ज्योत नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यातले तेल आणि रंग नाण्यावर राहतात. तांब्याच्या नाण्यावर टाचणीने सुटणारी फिकट हिरवी भुकटी दिसली तर तो वेगळा आजार आहे, ओलाव्यात तो वाढतो. ते नाणं कोरड्या जागी बाजूला ठेवा.

हत्यारं चारच लागतात: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, दहापट भिंग, व्यास मोजायचा कॅलिपर आणि जोरदार लोहचुंबक. नाणी आधी देशानुसार लावा, मग मूल्यानुसार, मग सालानुसार. भिंग काढायची घाई नको. या कंटाळवाण्या कामातच निम्मा ढीग निकालात निघतो.

चुंबकाला घट्ट चिकटलं ते चांदीचं नाही. चिकटलं नाही म्हणून चांदीचं ठरत नाही, कारण तांबं, पितळ, शिसं, तांबं-निकेल यांतलं काहीच चिकटत नाही. १९४७ सालचा ब्रिटिश इंडियाचा रुपया शुद्ध निकेलचा आहे, तो टपकन चिकटतो. दिसायला पांढराशुभ्र असल्याने पुष्कळजण त्याला चांदी समजतात. उलटं उदाहरण अमेरिकेच्या १९४३ च्या सेंटचं. त्या साली ही नाणी पोलादाची पाडली, तांब्याची चुकून निघालेली मोजकीच, म्हणून ती फार महाग. पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देऊन ती विकायचा उद्योग जुना आहे. चुंबक ते सेकंदात पकडतो. काटाही साक्ष देतो: पोलादी सेंट साधारण २.७ ग्रॅम, तांब्याचा ३.११.

चांदीसाठी मात्र सालं पाठ असलेली बरी. अमेरिकेचे डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पाव डॉलर) आणि हाफ डॉलर १९६४ पर्यंत ९० टक्के चांदीचे, क्वार्टर ६.२५ ग्रॅमचा होता तो नंतर ५.६७ चा झाला आणि त्याच्या कडेला तांब्याची रेघ दिसू लागली. ब्रिटनचे शिलिंग वगैरे १९१९ पर्यंत ९२.५ टक्के, १९२० ते १९४६ निम्मी चांदी, १९४७ पासून चांदी शून्य. ब्रिटिश इंडियाचा रुपया १९३९ पर्यंत ९१.७ टक्के, १९४० पासून १९४५ पर्यंत ५० टक्के. गंमत अशी, की शिलिंगचं ५.६६ ग्रॅम आणि रुपयाचं ११.६६ ग्रॅम हे वजन या बदलांत हललंच नाही. नुसत्या वजनावर निकाल देणारा तिथे फसतो.

म्हणून घनता काढायची. पाण्याचा छोटा ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडवा. तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवेल ते नाण्याचं घनफळ. कोरडं वजन भागिले तो आकडा, झालं. कोरडा रुपया ११.६० ग्रॅम भरला आणि पाण्यात काट्याने १.१२ दाखवलं, तर घनता १०.३६, म्हणजे जुनी चांदी. १.३० दाखवलं तर ८.९, म्हणजे तांबं-निकेल. निम्म्या चांदीचं नाणं साडेनऊच्या आसपास येतं. नाण्याला चिकटलेला बुडबुडा आकडा बिघडवतो, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. अडीच ग्रॅमच्या नाण्याचं घनफळ जेमतेम ०.२४ येतं आणि काट्याची ०.०१ ची चूक घनता ०.४ ने हलवते, तेव्हा एकाच जातीची पाच-सहा नाणी एकत्र बुडवा.

साल वाचताना मराठी माणसाचा एक खास घोटाळा होतो. अरबी अंकांत शून्य म्हणजे टिंब, आणि आपल्या शून्यासारखा गोल म्हणजे पाच. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन अंदाजाने येतो. ऑटोमन, म्हणजे जुन्या तुर्की साम्राज्याच्या, नाण्यावर १३२७ असेल तर १९०९, पण ते सुलतान गादीवर बसल्याचं साल. बाजूला वेगळा बारीक ८ दिसला तर ते आठवं राज्यवर्ष, म्हणजे नाणं १९१५-१६ चं. विक्रम संवतातून ५७ वजा करा, थायलंडच्या बौद्ध सालातून ५४३.

छापलेलं सालही सत्य असतंच असं नाही. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचा १७८० चा थालर, म्हणजे चांदीचं मोठं नाणं, तिच्या मृत्यूनंतरही, विसाव्या शतकातसुद्धा, त्याच सालासह पाडला गेला. २८.०७ ग्रॅम, ८३.३ टक्के चांदी. बहुतेकांना भाव मिळतो तो चांदीचाच.

जुनं म्हणजे महाग, हा गैरसमज इथे सोडा. सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या काळातली छोटी रोमन कांस्य नाणी सतराशे वर्षांची आहेत, तरी अमाप सापडतात आणि झिजलेली असली तर स्वस्तात जातात. किंमत ठरते ती त्या साली, त्या टाकसाळीत किती नाणी पाडली, आज किती उरली आणि किती जणांना हवी आहेत, यावर. म्हणून टाकसाळीची खूण शोधा: सालाखालचं टिंब, एखादं अक्षर, चांदणी. तेच साल, तीच राणी, फक्त अक्षर वेगळं, आणि भाव दहापट, असं खरोखर होतं.

मग स्थिती. चेहऱ्याचे उंच भाग, म्हणजे गाल, केसांच्या बटा, मुकुट, आधी झिजतात. तिथे नक्षी शाबूत आहे का पाहा. कडेला पूर्वी कडी डकवल्याचा डाग, भोक, ठोकर असेल तर दुर्मीळ नाणंही बरंच खाली येतं. ओतीव बनावट ओळखायची तर कड पाहा: मधोमध बारीक जोडरेघ, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, आणि अक्षरं साबणासारखी गुळगुळीत.

भाव बघताना विक्रेत्याने मागितलेला आकडा सोडून द्या. तो कितीही असू शकतो. लिलावांच्या नोंदींत विक्री पूर्ण झालेले भाव शोधा, तेही त्याच साल-टाकसाळ-स्थितीचे. चांदीच्या सामान्य नाण्यांचा मोडीचा भाव घरीच निघतो: १९३९ पर्यंतच्या रुपयासाठी ११.६६ गुणिले ०.९१७, म्हणजे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी, आणि तिला त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने गुणायचं. त्याहून कमी देऊ करणाऱ्याला नाणं दाखवायचं कारण नाही. मात्र झीज वजा करून खरं वजन धरा. ढीग सरसकट विकायला काढण्याआधी मोडीपेक्षा जास्त किमतीची नाणी वेगळ्या पाकिटात घ्या आणि प्रत्येकाचं वजन, व्यास, साल आणि दोन्ही बाजूंचा फोटो नोंदवून ठेवा. घेणारे ढिगाची किंमत चिल्लर बघूनच सांगतात.