'हलकी केमो' मागण्याआधी

महिन्यातून दोन-तीन फोन येतातच. "तुमच्या अण्णांना गोळ्यांची हलकी केमो चालू होती ना? आमच्या आईलाही तीच पाहिजे, नाव सांगा." गेल्या आठवड्यात पुण्याहून चुलतबहिणीचा फोन आला. तिचं स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालंय, केमोच्या लाल औषधाचे दोन डोस झालेत, केस गेलेत, तोंड आलंय. रडवेल्या आवाजात म्हणाली, "दादा, अण्णांसारख्या गोळ्या मला नाही का चालणार?" मी तिला नाही म्हणालो. अण्णांसाठी जे बरोबर होतं ते तिच्यासाठी घातक ठरू शकतं. का, ते इथे लिहितोय.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी चाळीस वर्षं चुना-तंबाखू खाल्ली. 2019 मध्ये गालाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, रेडिएशनचे तीस शेक झाले. 2020 च्या डिसेंबरात मानेत पुन्हा गाठ आली आणि फुप्फुसात ठिपके दिसले. कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी अण्णांनाच समोर बसवून सांगितलं, "काका, हा आजार आता मुळातून जाणार नाही. वाढ रोखायची, त्रास कमी ठेवायचा, एवढं आपल्या हातात आहे." दोन रस्ते पुढे ठेवले. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून सिस्प्लॅटिन नावाची केमो, असे सहा डोस. नाहीतर घरी गोळ्या: मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध आठवड्यातून एकदा आणि सेलेकॉक्सिब ही सूज-दुखण्यावरची गोळी रोज सकाळ-संध्याकाळ. याहून भारी औषधं आहेत, पण खर्च लाखांत जातो, हेही त्यांनी लपवलं नाही.

माझं बार्शीजवळ कृषी सेवा केंद्र आहे आणि अण्णांनी आयुष्यभर द्राक्षबाग केली. त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न फवारणीचाच. "डॉक्टर, औषध कमी मारलं तर कीड मरत नाही, उलट सोकावती. मग हे अर्धं औषध कशाला?" दुकानात मी स्वतः रोज लोकांना हेच सांगतो, म्हणून मलाही तो प्रश्न पटला होता. डॉक्टर म्हणाले, "इथं फवारणी वेगळी आहे काका. मोठा डोस थेट कीड मारायला बघतो, मग अंगाला सावरायला तीन आठवडे सुट्टी द्यावी लागते. त्या सुट्टीत गाठही सावरते. हा लहान डोस न थांबता चालू ठेवायचा. गाठ वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्या फुटू द्यायच्या नाहीत. किडीचं खाणं तोडायचं." याला मेट्रोनॉमिक केमो म्हणतात. गाण्याच्या रियाजात ठेका धरणारं यंत्र असतं ना, त्याच्यावरून 2000 साली हे नाव पडलं.

मला आकडे हवे होते. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी नेमक्या याच दोन रस्त्यांची तुलना केली होती आणि ती 2020 मध्येच छापून आली होती. तोंडाच्या, घशाच्या बरा न होणाऱ्या कॅन्सरचे 422 रुग्ण. चिठ्ठी टाकल्यासारखे निम्मे सिस्प्लॅटिनवर, निम्मे गोळ्यांवर. सिस्प्लॅटिनवाल्यांतले निम्मे 6.1 महिन्यांहून जास्त जगले, गोळ्यांवाल्यांतले निम्मे 7.5 महिन्यांहून. गंभीर त्रास सिस्प्लॅटिनवर शंभरातल्या तिसांना, गोळ्यांवर एकोणिसांना. वाचताना पोटात खड्डा पडला. इतकं वाचायचं आणि हाती काय, तर दीड महिना? पण तो महिना सलाईनच्या खाटेवर जाणार की घरी, हे बघायला नको का? आणि त्रास कमी म्हणजे मुळीच नाही, असंही नव्हे. शंभरात एकोणीस हा लहान आकडा नाही.

तिसरा रस्ता भावकीतल्या एकाने आणला. एका शहरातला दवाखाना. आधी इन्सुलिन टोचून साखर उतरवायची आणि मग केमोचा दहावा हिस्सा द्यायचा. "केस जात नाहीत, उलटी नाही." मेक्सिकोतल्या एका डॉक्टरने 1930 च्या दशकात काढलेली ही पद्धत. ऐकायला अण्णांच्या गोळ्यांसारखीच, डोस कमी! मी तिथे जाऊन बसलो आणि एकच विचारलं, नेहमीच्या केमोशी तुलना करून किती रुग्णांवर बघितलंय? समोरून बऱ्या झालेल्यांचे फोटो आले आणि पॅकेजचा कागद आला. साखर फार उतरली तर माणूस बेशुद्ध पडतो, त्याबद्दल चकार शब्द नाही. झाडाची साल, गव्हांकुराचा रस, हनुमानफळाची पानं, हेही सगळं दारात आलंच. आणणाऱ्यांची माया खरी होती, म्हणून मी कुणावर चिडलो नाही. पण अमेरिकेतला 2018 चा एक अभ्यास सांगतो, की बरा होण्याजोगा कॅन्सर असताना ज्यांनी फक्त असेच पर्यायी उपचार घेतले, त्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाच पटींहून जास्त.

2021 च्या जानेवारीत गोळ्या सुरू झाल्या. अण्णांच्या उंची-वजनावरून डोस ठरला. अडीच मिलिग्रॅमच्या बारीक पिवळ्या गोळ्या, नऊ, एकदम, आठवड्यातून एकदाच. आईने गुरुवार धरला, कारण तिचा उपास असतो, विसरायचा प्रश्न नाही. कॅलेंडरवर प्रत्येक गुरुवारी कुंकवाचं बोट लावायची. अण्णा नऊच्या नऊ गोळ्या तळहातावर घेऊन मोजायचे, मग आई मोजायची, मग पाणी. दोन्ही औषधं मिळून महिन्याला हजार-दीड हजार लागायचे.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात गोळ्या संपल्या म्हणून जवळच्या मेडिकलमधून आणल्या. पाकिटात दहा मिलिग्रॅमची पट्टी, आणि वर पेनाने लिहिलेलं: रोज रात्री 1. मी ते वाचलं आणि तसंच कपाटात ठेवलं. मी, रोज औषधांची लेबलं वाचणारा माणूस! रात्री आईने पाकीट हातात घेतलं आणि म्हणाली, "गुरुवारची गोळी रोज कशी?" मी डॉक्टरांना फोन लावला. ते आधी गप्पच झाले. मेथोट्रेक्सेट चुकून रोज गेलं तर तोंड-आतडं सोलून निघतं, पांढऱ्या पेशी पडतात, माणूस दगावू शकतो. 'हलकी' या शब्दाची मला भीती वाटते ती त्या रात्रीपासून. सर्दी-तापाला कुणी सल्फाची गोळी दिली किंवा दुखतंय म्हणून मनाने वेदनाशामक घेतलं, तरी मेथोट्रेक्सेट अंगात साठू शकतं. म्हणून गावातल्या डॉक्टरांकडे जातानाही गोळ्यांची पट्टी खिशात ठेवायचो.

एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली. रक्त गावात तपासायचं, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट फोनवर पाठवायचा, उत्तर आलं की गुरुवार. सलाईनचा रस्ता घेतला असता तर त्या दिवसांत खाट कुठून मिळाली असती, मला माहीत नाही. जूनमध्ये स्कॅन केला, ठिपके होते तेवढेच. ऑक्टोबरात बाग छाटणीला अण्णा बांधावर खुर्ची टाकून बसले आणि गड्यांच्या चुका काढत राहिले. नोव्हेंबरात गाठ परत वाढली, गोळ्या थांबल्या, दुखण्यासाठी मॉर्फिन सुरू झालं. डिसेंबरात ते गेले. पुढच्याच वर्षी टाटातूनच नवा अभ्यास आला: अशाच गोळ्यांच्या जोडीला निव्होलुमॅब हे अंगाची प्रतिकारशक्ती जागी करणारं औषध, तेही एरवीच्या डोसाच्या एका लहानशा हिश्शात, 20 मिलिग्रॅम. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणारे शंभरात सोळा होते, जोडीने ते त्रेचाळीस झाले. तो पेपर मी तीनदा वाचला. अण्णांना वर्षभर आणखी उशिरा झालं असतं तर, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

आता चुलतबहिणीचं. तिची गाठ निघालीय, बाकी अंगात काही नाही. तिची केमो बरं करण्यासाठी आहे, आणि तिथे अण्णांचा फवारणीचाच नियम लागतो. मिलानचे डॉक्टर बोनादोन्ना यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर केमो घेतलेल्या बायकांचा वीस वर्षं पाठपुरावा केला. ठरलेल्या डोसाच्या 85 टक्क्यांपुढे ज्यांना मिळाला, त्यांना खरा फायदा झाला. 65 टक्क्यांच्या खाली ज्या राहिल्या, त्यांना केमो न घेतलेल्यांपेक्षा वेगळं काही मिळालं नाही. हे मी तिला सांगितलं. आणि हेही, की तोंड आलंय, उलट्या होतात हे डॉक्टरांना स्पष्ट सांग. उलटीची औषधं बदलता येतात, पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन असतं. सोसत बसू नकोस, पण डोस कमी करा असं आपण होऊन म्हणू नकोस. परवा तिचा तिसरा डोस झाला. या वेळी जेवण थोडं गेलं म्हणाली.

काल परांड्याहून एक मुलगा बोलत होता, वडिलांची जीभ. तोही म्हणाला, हलक्या गोळ्यांचं नाव सांगा. मी विचारलं, "डॉक्टरांनी बरं करायचं म्हणून उपचार सांगितलेत, की रोखायचं म्हणून?" तो थांबला. हे त्याने विचारलंच नव्हतं. सोमवारी ओपीडी आहे, वडिलांना घेऊन जाणार आहे, तिथून फोन करतो म्हणाला.