मोबाईल डेटावर ऑफिसचं एक्स्टेन्शन : आवाज एकाच बाजूने का यायचा

नागपूरला धरमपेठेतल्या ऑफिसात ॲस्टेरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणारं टेलिफोन एक्सचेंज आहे. त्याचं एक्स्टेन्शन, म्हणजे ऑफिसातला आतला नंबर, मी मोबाईलच्या सिप ॲपमध्ये (इंटरनेटवरून कॉल जोडणाऱ्या ॲपमध्ये) घेतलं. ऑफिसच्या वायफायवर सगळं सुरळीत. बर्डीवर मोबाईल डेटा सुरू केला की मात्र समोरच्याला माझा आवाज जायचा, मला काहीच ऐकू यायचं नाही. आलेला कॉल उचलला तर बरोबर बत्तिसाव्या सेकंदाला तुटायचा.

ॲपमध्ये ‘रजिस्टर्ड’चा हिरवा ठिपका होता, पण त्यावर विसंबू नका. रजिस्ट्रेशन, म्हणजे ॲपने एक्सचेंजकडे केलेली नोंद, ५०६० पोर्टवरून (नेटवर्कच्या क्रमांक दिलेल्या दारातून) होतं, आवाज वेगळ्याच पोर्टांवरून येतो-जातो. एक चालू आणि दुसरं बंद, असं सहज होतं.

आधी फोनचा आयपी पत्ता पाहिला : १००.७० ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते मोबाईल कंपन्या आतल्या आत वापरतात आणि अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. फोन कॉल जोडताना हाच आतला पत्ता कळवतो, एक्सचेंज तिकडे आवाज पाठवतं आणि तो वाटेतच हरवतो. ३२ सेकंदांचं कारणही तेच. फोन ‘उचलला’ म्हणून सांगतो, त्याची पोच परत येत नाही, तो पुन्हापुन्हा सांगत राहतो आणि ६४ × ५०० मिलिसेकंद संपले की कॉल सोडून देतो.

एक्सचेंजमध्ये त्या एक्स्टेन्शनला आरटीपी सिमेट्रिक, फोर्स आरपोर्ट आणि रीराइट कॉन्टॅक्ट हे तिन्ही पर्याय ‘येस’ केले. फोनने कळवलेला पत्ता सोडून पाकिटं खरोखर जिथून आली तो पत्ता वापर, असं ते एक्सचेंजला सांगतात. आता आवाज जिथून येतो तिथेच परत जातो. दोन्ही तक्रारी एकदम गेल्या. तुमच्याकडे उलटं असेल, म्हणजे तुमचाच आवाज पोचत नसेल, तर बहुधा एक्सचेंज स्वतःचा १९२.१६८ वाला, म्हणजे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कचा पत्ता कळवत असतं. तिथे बाहेरचा पत्ता भरा, राउटरवर १०००० ते २०००० यूडीपी पोर्ट (आवाजाची पाकिटं यूडीपी पद्धतीने जातात) एक्सचेंजकडे वळवा आणि राउटरमधलं सिप एएलजी, म्हणजे सिपच्या पाकिटांतले पत्ते परस्पर बदलणारी सोय, बंद करा. ते सुरू ठेवून फायदा झालेला मी पाहिलेला नाही.

फोन खिशात पाच मिनिटं राहिला की रिंग येत नव्हती. यूडीपीची वाट नेटवर्क काही वेळाने बंद करतं. कीप-अलाइव्ह, म्हणजे वाट उघडी ठेवायला ॲप ठरावीक वेळाने पाठवतं ते छोटं पाकीट, २५ सेकंदांवर आणला आणि ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढलं. दोन्ही लागतात.

मेट्रोने खापरीकडे जाताना आवाज तुटायचा, तेव्हा कोडेक, म्हणजे आवाज डेटात बदलण्याची पद्धत, बदलला. जी.७११ या कोडेकला पाकिटांवरचा पत्त्याचा मजकूर (हेडर) धरून प्रत्येक दिशेला ८० केबीपीएस लागतात, म्हणजे दोन्ही दिशा मिळून मिनिटाला सुमारे १.२ एमबी. त्याऐवजी ओपस हा कोडेक २४ केबीपीएसवर ठेवून त्यातली हरवलेली पाकिटं भरून काढणारी सोय सुरू केली. स्पीड टेस्टचा आकडा इथे कामाचा नाही. कॉल चालू असताना पिंग (पाकीट जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणारी चाचणी) लावा : ४०, ४५, ४२ असं आलं तर ठीक, ४०, ३१०, ९० आलं तर आवाज फाटणारच. माझ्या फोनवर फोटोंचा बॅकअप अपलोडची वाट अडवून बसला होता. तो फक्त वायफायवर ठेवला.