रिझाल स्ट्रीटवरची चांदणी

सॅन फ्रान्सिस्कोत मार्केट स्ट्रीट ओलांडून दक्षिणेच्या ‘सोमा’ भागात शिरले, तेव्हा काचेच्या उंच कचेऱ्यांच्या सावलीत लापू-लापू, रिझाल, बोनिफासियो, माबिनी, तांदांग सोरा अशा नावांच्या आखूड गल्ल्या लागल्या. लापू-लापू हा १५२१ मध्ये फिलिपिन्समधल्या माक्तान बेटावर दर्यावर्दी मॅगेलनचा पाडाव करणारा सरदार, तर तांदांग सोरा ही स्पेनविरुद्ध उठलेल्या क्रांतिकारकांना जेवूखाऊ घालणारी वृद्धा. रिझाल स्ट्रीटवर ज्येष्ठांच्या निवासी इमारतीवर जोहाना पोएथिग यांनी १९८४ मध्ये विसेंते क्लेमेंते आणि प्रेस्को ताबियोस यांच्यासह रंगवलेले ‘लापू-लापूचे वंशज’ हे भित्तिचित्र मान अवघडेपर्यंत वर चढत जाते.

इथल्या फिलिपिनो समाजाला भिंतींचे एवढे अगत्य का, हे कळायला कर्नी स्ट्रीटवरच्या इंटरनॅशनल हॉटेलची हकिगत ठाऊक हवी. शेतांत आणि मासळीच्या कारखान्यांत राबून म्हातारे झालेले, बहुतेक एकटे राहिलेले फिलिपिनो पुरुष तेथे स्वस्त खोल्यांत राहत. त्यांना सगळे ‘मानोंग’ म्हणत. आपल्याकडे वडीलधाऱ्याला दादा म्हणतात, तसेच हे. बाहेर हजारो लोक हातात हात गुंफून उभे असतानाही ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना बाहेर काढले आणि पुढे इमारत पाडली गेली. सोमाला शहराने २०१६ मध्ये फिलिपिनो सांस्कृतिक वारसा क्षेत्र म्हणून मान्यता दिली. उशिराच म्हणायची!

मी मात्र गेले होते ती ‘पारोल’ शिकायला. पारोल म्हणजे नाताळचा कंदील. हा शब्द स्पॅनिश ‘फारोल’वरून आला. १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटेच्या प्रार्थनेला निघालेल्यांची वाट उजळावी, म्हणून गावोगावी तो लावत. बांबूच्या पाच-पाच काड्यांच्या दोन चांदण्या करायच्या, त्यांची टोके एकमेकांना बांधायची आणि आतल्या पाच कोनांत बोटभर लांबीचे आडवे तुकडे अडकवून मध्यभाग फुगवायचा. मग पातळ रंगीत कागद चिकटवायचा आणि खालच्या दोन टोकांना झालरीच्या शेपट्या लावायच्या. लहानपणी आकाशकंदिलाच्या कामट्या बांधल्या असल्याने मला हे सहज जमेल असा माझा समज होता. चौथा तुकडा अडकवताना पहिला सटकला, आणि सगळा सांगाडा माझ्या मांडीवर पडला.

शिकवणाऱ्या आजीबाईंना सगळे ‘लोला’ म्हणत होते, म्हणून मीही म्हटले. त्या पांपांगा प्रांतातल्या. तेथील सान फेर्नांदोचे राक्षसी कंदील जगप्रसिद्ध आहेत, त्यामुळे माझ्या गाठींकडे त्यांनी फार दयेने पाहिले नाही. त्यांनी सांगाडा सोडवला आणि पुन्हा माझ्याच हाती दिला. त्यांच्या शेजारी बसलेल्या नातवाने गुगलवरून आकृती काढून आणली होती. लोलांनी ती उलटी करून तिच्यावर खळीचे भांडे ठेवले.

बांधता बांधता त्या सांगू लागल्या. या शहरातल्या पहिल्या डिसेंबरात त्यांना बांबू कुठे मिळतो हेच ठाऊक नव्हते, तेव्हा त्यांनी कपडे अडकवायच्या तारा सरळ करून पारोल केला आणि खोलीच्या खिडकीत लावला. रस्त्यावरून जाणारा कोणी अनोळखी मनुष्य तो पाहून थांबला आणि त्याने खालूनच तागालोग या फिलिपिन्सच्या भाषेत विचारले, “जेवलीस का?”

“ती खिडकी कुठे होती?” मी विचारले.

लोलांचे दोन्ही हात खळीने माखलेले होते. त्यांनी फिलिपिनो रीतीने ओठांचा चंबू पुढे काढून दिशा दाखवली. तिकडे वीसेक मजल्यांची काच संध्याकाळच्या उन्हात चमकत होती.