गांडूळ नाही, मांडूळ नाही, वाळा पण नाही

मागच्या जुलैत ताईकडे गेले होते, फ्लोरिडात, ओकालाजवळ. तिकडे त्या दिवसांत जवळपास रोज दुपारी गडगडाट होऊन धो धो पाऊस आणि तासाभरात परत कडक ऊन. असाच पाऊस थांबला आणि भाचा बोंबलत आला, मावशी केवढं मोठं गांडूळ बघ! बघते तर खरंच, गुलाबीसर, वीतभरापेक्षा लांब, अंगावर कड्याच कड्या. मी म्हटलं अमेरिकेत गांडुळंपण एक्स्ट्रा लार्ज मिळतात की काय. पण हातात घेतलं तर चिकट नाही, कोरडं, आणि त्या कड्या म्हणजे ओळीने बसवलेले बारीक चौकोनी खवले!

शेजारचे आजोबा म्हणाले ग्रेव्हयार्ड स्नेक, कबरी खणताना सापडायचा म्हणून. साप नाहीये पण तो. फ्लोरिडा वर्म लिझर्ड, शास्त्रीय नाव रायन्युरा फ्लोरिडाना, सरड्यांच्या गोतातला, फक्त पाय नाहीत, बाहेर कान नाहीत आणि डोळे कातडीखाली गेलेले. खालचा जबडा आत दबलेला, म्हणजे माती खोदताना तोंडात जात नाही. डोकं फावड्यासारखं, ते वाळूत खुपसायचं आणि वर उचलून माती छताला दाबत जायचं, झाला बोगदा. खातो गांडुळं, वाळवी, कोळी. उन्हाळ्यात दोन-तीन अंडी, बस.

मला आवडली ती शेपूट. आखूड, वरून चपटी आणि खरखरीत, कानशीने घासल्यासारखी. मागून कोणी आलं तर बिळाला तिचंच बूच. भाचा बराच वेळ शेपटीलाच तोंड समजून हाय हॅलो करत होता 😄 आपल्याकडे मांडुळाचं हेच होतं ना, शेपटीला तोंड समजून दुतोंड्या म्हणतात, आणि गुप्तधनाच्या नादात बिचाऱ्याची तस्करी करतात. ह्या सगळ्या गटाचं, अँफिस्बेनियन्सचं, ग्रीक नावच मुळी दोन्हीकडे चालणारा अशा अर्थाचं आहे आणि हे लोक खरंच रिव्हर्स जातात.

आणि हा एकटाच उरलाय बरं का. ह्याच्या कुटुंबाचे 6 कोटी वर्षांपूर्वीपर्यंतचे जीवाश्म मिळतात, नेब्रास्का, साउथ डकोटाकडेसुद्धा मिळालेत, पण आज जिवंत जात ही एकच, तीही फ्लोरिडा आणि जॉर्जियाचा थोडा दक्षिण भाग एवढ्यातच. भारतात तर ह्या गटातलं कोणीच नाही.

उलट आपला वाळा, म्हणजे तो गांडुळासारखा दिसणारा बारीक आंधळा साप, मात्र कुंड्यांच्या मातीतून फ्लोरिडात पोचून मस्त स्थायिक झालाय! सगळ्या माद्याच, नराची गरजच नाही, एक कुंडी पुरे.

पाहुण्याला झाडाखालच्या वाळूत सोडला, डोकं खुपसलं, दोन झटके आणि शेवटी ती चपटी शेपूट, मग तीही गायब. हे सगळं सांगून झाल्यावर ताईचा प्रश्न एकच, मग माझ्या तुळशीच्या कुंडीत काय काय आहे ते आधी बघ.